बुडाच्या पत्र्यावरची खूण

तिसऱ्यांदा गाणं मधेच मेलं, तेव्हा रोझारिओनं गाडीकडं बघितलं नाही. त्यानं अनंताच्या तोंडाकडं बघितलं.

अनंता व्हॅनच्या मागच्या दारात उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बॅटरी वीक असेल रे."

"बॅटरी गेल्या महिन्यात घेतली."

"मग वायर."

"वायर मी ओढलीय. तीस वर्षं कारखान्यात वायरीच ओढल्या मी."

यावर अनंता गप्प बसला. एरवी हा माणूस भरतीच्या पाण्याशीसुद्धा वाद घालायचा. त्याचं ते गप्प बसणं रोझारिओच्या मनात कुसळासारखं रुतलं.

शनिवारी रोझारिओच्या मुलीचं, एव्हलिनचं, उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी चारकोपच्या गावठाणातल्या बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. पूर्वी गावात स्वतःचा बँड होता. वाजवणारे कुणी वसईला गेले, कुणी देवाकडं गेले. म्हणून आता व्हॅनच पुढं चालायची. तिच्यात डेक, दोन स्पीकर, बेसचा डबा आणि या सगळ्यांना ताकद देणारा ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायर जुना होता. अनंतानंच ओळख काढून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तो आणून दिला होता. मिरवणुकीत व्हॅन हाकणारही अनंताच. बायांच्या नाचत्या पावलांच्या बेतानं गाडी चालवणं गावात त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं.

"मी नेतो घरी, उघडून बघतो," अनंता म्हणाला आणि पान्यानं ॲम्प्लिफायरचे बोल्ट सोडवायलाही लागला.

"इथंच उघड की. मीपण बघतो."

"तू लग्नाचं बघ रे. हे माझ्यावर सोड."

मशीन गोणपाटात गुंडाळून तो असा निघाला, जणू कुणी मागून हाक मारील.

तिसऱ्या दिवशी त्यानं ते परत आणून बसवलं. "होडीच्या बॅटरीवर तासभर वाजवला, झकास वाजला," म्हणाला आणि चहाला न थांबता गेला. रोझारिओनं डेक लावला. हळू आवाजात गाणं चाललं. आवाज चढवला, बेस घुमला, आणि ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागून सगळं मुकं झालं. पुन्हा तेच.

रोझारिओनं बोल्ट सोडले, मशीन उलटं केलं आणि बुडाच्या पत्र्यावर बोट फिरवलं. त्याची खूण तिथं नव्हती.

गावठाणात लग्नं निघाली की भांडी घरोघर फिरतात. टोप, पराती, झारे. नंतर कुणाचं काय ते कळावं म्हणून प्रत्येक घर आपल्या वस्तूवर खूण करून ठेवतं. रोझारिओच्या घराची खूण म्हणजे एक क्रूस आणि खाली दोन टिंबं. हाताला सवयच लागलेली. कुर्ल्याहून मशीन आलं त्याच दिवशी त्यानं खिळ्यानं ती बुडावर कोरली होती. आता तिथं कोरा, चकचकीत पत्रा होता.

"बदलला," तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला. "आपला चांगला ठेवला नि कुठलं तरी मढं आणून दिलं."

नॅन्सी बाटलीत मसाला ठेचून भरत होती. दांडा थांबवून ती म्हणाली, "अनंता? तुझं डोकं फिरलंय. जा नि सरळ विचार त्याला."

"विचारून चोरी कळते काय?"

"मग मनात ठेवून कळते?"

 संध्याकाळी रोझारिओ पुतण्याकडं, ग्लेनरॉयकडं जाऊन सांगून आला, "शनिवारी व्हॅन तू चालव. अनंताला मी सांगीन काहीतरी." ग्लेनरॉय डोळे फाडून बघत राहिला.

मनात एकदा पाणी शिरलं की ते कुठं कुठं जातं! कमळच्या, म्हणजे अनंताच्या बायकोच्या, मासळीच्या टोपल्या रोज सकाळी याच व्हॅनमधून बाजारात जात होत्या. तिचा गुडघा गेल्यापासून रोझारिओ स्वतः तिला सोडायचा. मग त्याला वाटलं, आपलं चांगलं मशीन त्या टोपल्यांखालूनच बाजारात गेलं असेल. पुढं तर असंही वाटलं, की मागच्या वर्षी हरवलेली शिडीसुद्धा अनंताकडंच असेल.

गुरुवारी सकाळी तो टेस्ट लॅम्प, वीज तपासायचा दिवा, घेऊन बसला. मशीन मढं आहे हे आधी सिद्ध करायचं, मग अनंताच्या दारात नेऊन आपटायचं. स्पीकरच्या वायरी काढल्या, एक एक तपासली. दोष नाही. परत जोडल्या. मग दिव्याचा चिमटा मशीनच्या काळ्या वायरीला लावला, टोक लाल वायरीला. दिवा लखलखीत. आवाज चढवला, बेसच्या प्रत्येक ठोक्याला दिवा पेंगायला लागला आणि गाणं मेलं. त्यानं चिमटा काढून लांब वायरीनं थेट बॅटरीच्या काळ्या टोकाला जोडला. तसंच गाणं, तसाच आवाज. आता गाणं मेलं तरी दिवा पेंगला नाही.

 लाल वायरीत काही दोष नव्हता. काळ्या वायरीच्या वाटेत होता. खात्रीसाठी त्यानं मशीनची काळी वायरही थेट बॅटरीला जोडली आणि आवाज पूर्ण चढवला. शेजारच्या जॅकलिनच्या कोंबड्या ओरडत भिंतीवर चढल्या. गाणं काही मेलं नाही.

मढं म्हणून बाजूला काढलेलं मशीन ठणठणीत होतं.

त्यानं मागच्या सीटखालचं रबर उचललं. काळी वायर जिथं गाडीच्या अंगाला बोल्टानं आवळली होती, तिथं पांढरट हिरवा खार चढला होता. बोट लावताच भुगा पडला. भुग्यात बोय माशाचे दोन खवले होते.  टोपल्यांतल्या बर्फाचं खारं पाणी रोज इथंच जमत होतं.

आणि मशीन इथं सीटखाली कुणी ठेवलं होतं? अनंता पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "वर लाव, सीटच्या पाठीला." तेव्हा रोझारिओच बोलला होता, "वर लावलं की दिसतं, आणि दिसलं की जातं. लोकांचा काय भरवसा!"

मग त्यानं मशीन पुन्हा हातात घेतलं. वरच्या बाजूचा कोपरा चेपलेला होता. कुर्ल्याहून आणलं त्या दिवशी त्याच्याच हातून पायरीवर पडलं होतं ते. तोच कोपरा. फक्त बुडाचा पत्रा नवा. चार स्क्रू काढून त्यानं तो उलटा केला. आतून तेलाच्या डब्यावरची अक्षरं दिसत होती, कडा हातानं ठोकलेल्या. होडीच्या फळ्यांना पत्रा ठोकणाऱ्या माणसाचं काम.

"बघितलंस ना?"

अनंता फाटकात उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तो आत आला नाही.

"ग्लेनरॉय भेटला," तो म्हणाला. "शनिवारी तो गाडी चालवणार म्हणं."

रोझारिओला कान गरम झाल्यासारखे वाटले. "तू पत्रा बदललास आणि मला सांगितलं नाहीस."

"नाय सांगितलं." अनंतानं कागद उलगडला. आत जुना पत्रा होता, गंजून जाळी झालेला. एका कोपऱ्यात क्रूस आणि दोन टिंबं शाबूत होती. "दुसऱ्याची खूण असलेली वस्तू फेकता येते काय? ठेवली होती."

"पण लपवलंस का?"

"हा पत्रा बघितला असतास तर काय म्हणाला असतास? मासळीचं पाणी. मग टोपल्या बंद. कमळ रिक्षात चढू शकत नाही, टोपल्या घेऊन तर नाहीच. मना वाटलं, पत्रा नवा ठोकला की भागेल. ती बोल्टची भानगड मना कुठं ठाऊक? वायरमन तू का मी?"

तीस वर्षं दुसऱ्यांना 'आधी अर्थिंग बघा' म्हणून ओरडलेला माणूस खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मी नॅन्सीला सांगितलं, तू चोरलंस म्हणून."

"ग्लेनरॉयच्या तोंडावरून वाटलंच मना तसं."

"शिडीचंही वाटलं मला."

"कुठली शिडी?" अनंता पहिल्यांदा चिडला. "तुझी शिडी चर्चच्या मागं पडलीय, नाताळपासून! तूच नेलीस तारे टांगायला!"

आतून नॅन्सी मोठ्यानं हसली. म्हणजे ती केव्हाची ऐकत होती.

दोघांनी मिळून बोल्टाची जागा पॉलिश कागदानं घासून पांढरी केली, वर ग्रीस फासलं आणि मशीन सीटच्या पाठीला वर लावलं, सगळ्यांना दिसेल असं. टोपल्यांखाली ठेवायला अनंतानं प्लास्टिकचा खोल टब आणला. ग्लेनरॉयला निरोप रोझारिओ स्वतः देऊन आला. ते सोपं गेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बाया लुगडी नेसून, डोक्यावर कळश्या घेऊन निघाल्या. पुढं व्हॅन, स्टीअरिंगवर अनंता, शेजारी रोझारिओ. कमळही एका पायावर जोर देत नाचत होती. विहिरीच्या वळणावर गाणं एकदम थांबलं.

"माझ्याकडं बघू नको," अनंता समोरच बघत म्हणाला. "गाणं संपलंय. दुसरं येईल."

दुसरं गाणं आलं. रोझारिओनं नजर पटकन रस्त्याकडं वळवली, कारण त्यानं अनंताकडं बघितलंच होतं.