मंत्रीसाहेब कचेरीत आले

आमच्या बाई म्हणजे आमच्याकडे दैनिक चालवणारी पहिली बाई. नवरा मंत्री झाला तेव्हा त्यांनी नियमच केला: घरात पेपरचा विषय नाही आणि सरकारचाही नाही. "मग जेवताना बोलतात काय? मीठ कमी, मीठ जास्त?" असं आम्ही छापखान्यात हसायचो. मी तिथे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, धुवायचो. वाचायला मला बाईंनीच शिकवलं, तेही केस पिकायला लागल्यावर.

साहेबांनी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन केलं आणि महिनाभरात तिचं छत गळू लागलं. बातमी पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं. पक्षाच्या अध्यक्षांनी फोन करून दम भरला. "उद्या छापलेलीच वाचा," म्हणत बाईंनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "यांनी पेपर सोड म्हटलं, तर मला घर सोडावं लागेल. पेपर काही सुटायचा नाही."

बातमी छापली. सकाळी साहेब स्वतः कचेरीत हजर! यापूर्वी कधी उंबरा ओलांडला नव्हता. खांदे ओले, बुटांना चिखल.

"संपादक आहेत का?"

"समोरच बसल्यात," बाई म्हणाल्या. "वेळ घेतली होती?"

"घरी बोलायची बंदी, म्हणून इथं आलो. तुमच्या बातमीत चूक आहे."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "कोणती?"

"एका खोलीत गळतंय, असं लिहिलंय. मी आत्ता तिथूनच येतोय. तीन खोल्यांत गळतंय. एका म्हातारीनं खाटेवरूनच मला झापलं, छत्री घेऊन उद्घाटन करायचं होतं म्हणे!"

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. "आणि अध्यक्ष?"

"त्यांना सांगितलं, माझं घरात कुणी ऐकत नाही."

आम्ही खिळ्यांच्या पेट्यांमागे तोंड दाबून हसलो.

साहेबांनी तिथेच बसून खुलासा लिहिला: चूक खात्याची, दुरुस्ती आजपासून. बाईंनी लाल पेन्सिल घेऊन 'जनतेचा नम्र सेवक' वगैरे सरळ उडवलं.

"अगं, ते तरी राहू दे!"

"जागा नाही. आणि इथं अगं-बिगं चालत नाही."

"बरं, संपादकसाहेब. घरी कधी येणार?"

"उद्याचं पान लागलं की येते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी अंग पुसा."