उलटी फुंकणी

रांग गोदामाच्या दारापासून सुरू व्हायची आणि वळसा घेऊन थेट सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायची. कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणाच्या कपाळावर पांढरी पट्टी, कोणी पाठीला कपडा लागू नये म्हणून पुढे वाकून उभं. मुलीला कडेवर घेऊन मी रांगेच्या बाजूला उभी होते. तिचा हात कशाला लागू नये म्हणून तो माझ्या मुठीत धरून ठेवला होता. ती तीन वर्षांची. दिसेल त्याला हात लावायचं वय.

आत रिकामी पोती अंथरून फुंकरबाबा बसला होता. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. समोर पाण्याने भरलेलं घमेलं आणि हातात लोखंडी फुंकणी.

"फुंकणीनं तुम्ही आग पेटवता ना?" तो म्हणायचा. "मी ती उलटी धरतो. पेटवायची नाही, ओढून घ्यायची. आग माझ्या छातीत, तू मोकळा. डॉक्टरला हे जमत नाही. का? त्याच्याकडं फुंकणी नाही."

लोक हसायचे. दहा-अकरा दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही कोणाला मिळालं नव्हतं. जखमेवर फुंकणी टेकवून तो गालफडं आत जाईपर्यंत श्वास ओढायचा. मग फुंकणी घमेल्यावर दोनदा आपटायचा. पाणी चुर्र व्हायचं, त्यातून वाफ वर यायची, आणि सगळं गोदाम एकदम गप्प व्हायचं. शेवटी तो एक जाड सुई काढायचा आणि जळलेल्या जागी खुपसायचा. माणूस ढिम्म.

"दुखलं?"

"नाही."

"गेली आग. सोड ती पट्टी. घरी जा."

मी शास्त्र शाखेची पदवी घेतली आहे. तरी खरं तेच सांगते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता.

या सगळ्याच्या अकरा दिवस आधी इंधनाचा टँकर वळणावर उलटला. पेट्रोल गटारातून वाहत वस्तीपर्यंत आलं. लोक बादल्या, कॅन, हाताला लागेल ते घेऊन धावले. तासभर नुसती झुंबड. मग कुठून ठिणगी पडली कोण जाणे. एका दुपारी दोनशेच्या वर माणसं भाजली. गेली किती, तो आकडा अजून रोज बदलतो.

माझा नवरा मालाची गाडी चालवतो. तो म्हणतो, मी गाडी बाजूला घ्यायला गेलो होतो. आमच्या स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा कॅन त्या दिवसापासून दिसत नाही. मी विचारलं नाही. विचारून आता काय करू?

त्याच्या डाव्या पायाची पोटरी भाजली होती, आणि हाताची चार बोटं. इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती. जी माणसं उठून बसू शकत होती त्यांना गोदामासमोरच्या शाळेत पाठवलं. तिथे पट्टी बदलायचं केंद्र उघडलं होतं. बाकं जोडून केलेल्या खाटा, खिडकीच्या गजांना लटकवलेल्या सलाईनच्या बाटल्या, फळ्यावर कोणाची पट्टी कधी त्याची यादी. त्वचेची डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायची. तिने पोटरी पाहिली आणि चालता चालताच सांगितलं, "ही कातडी मेली आहे. ती काढून मांडीची पातळ कातडी इथं लावायची. गुरुवारी. चुकवू नका. उशीर झाला तर जखम चिघळेल, भरताना आकसेल आणि पाऊल वाकणार नाही."

डावं पाऊल म्हणजे क्लच. क्लच म्हणजे आमचं घर. पण घरी हे कोणाच्या गळी उतरेना.

"मला दुखतच नाही," नवरा म्हणाला. "बोटं ठणकतात, रात्रंदिवस ठणकतात. पोटरी पहिल्या दिवसापासून शांत आहे. मग बोटं सोडून पोटरी का कापतेय ती?"

"आणि मांडी सोलणार," सासूबाई म्हणाल्या. "एक जखम होती, त्याच्या दोन करणार. हे कुठलं शहाणपण?"

"आई, डॉक्टर म्हणाल्या ना..."

"डॉक्टरला माझ्या लेकाकडं मान वळवून बघायला वेळ नाही. शेजारच्या रंगाऱ्याचा हात त्या बाबानं अर्धा तास धरून ठेवला होता. जेवलास का, झोपलास का, सगळं विचारलं. तुझ्या डॉक्टरनं विचारलं?"

हे मात्र खरंच होतं.

बुधवारी सकाळी मायलेक रांगेत उभे राहिले. मी मुलीला घेऊन मागोमाग गेले. नवऱ्याच्या पुढे पंचवीसेक माणसं होती.

आई झाल्यापासून माझी नजर नको तिथे जाते. टाचण्या, उकळतं पाणी, प्लगची भोकं. सगळे जखमेकडे बघत होते तेव्हा मी सुईकडे बघत होते. बाबा ती मांडीवरच्या फडक्याला पुसायचा आणि पुढच्या माणसाला खुपसायचा. आठ माणसं, एकच सुई. मग सुईवर डोळे ठेवता ठेवता दुसरंच काही ध्यानात आलं. सगळ्यांसाठी ती बाहेर येतच नव्हती. आधी तो माणसाशी गप्पा मारत जखमेवर बोट हलकेच दाबायचा. माणूस कळवळला की चेहरा उतरवून म्हणायचा, "तुझ्यात शंका आहे रे. आग शंकेला धरून बसते. सात दिवसांनी ये." माणूस शांत राहिला की मग फुंकणी, वाफ, सुई, सगळा थाट.

परत पाठवलेले बाजूच्या दाराने निघून जायचे. एक बाई नवऱ्याला ओढत नेत होती. "तुझा कशावर म्हणून विश्वास नसतो," ती त्याला म्हणत होती. त्याच्या दोन्ही हातांवर फोड होते आणि तो रडत होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांच्या माना वाफेकडे.

मी रस्ता ओलांडून शाळेत गेले.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या. पाय सुजले म्हणून पुरुषांच्या मापाच्या चपला घालून फिरत होत्या. त्या पट्ट्या कापत होत्या. मी विचारलं, "सिस्टर, भाजलेली जागा दुखत नसेल तर ते चांगलं की वाईट?"

कात्री थांबली. "कोणाची दुखत नाही?"

मी सगळं सांगितलं. बाबा कसा दाबून बघतो, कोणाला ठेवतो, कोणाला परत पाठवतो. ऐकता ऐकता सिस्टर पहिलीच्या मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसल्या.

"म्हणजे तो माझेच पेशंट नेतोय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या यादीत चौदा जण आहेत. तीन दिवस त्यांना शोधतेय. मला वाटलं, गावी निघून गेले. अगं, दाबून बघायचं, टोचून बघायचं, आम्हीही तेच करतो. भाजणं वरवरचं असेल तर जीव जाईस्तोवर दुखतं, कारण कातडीतल्या नसा जिवंत असतात. खोल भाजलं की नसाच जळून जातात. कळणार कसं आणि कोणाला? तपासणी आमची आणि त्याची एकच. निकाल तेवढा तो उलटा सांगतो."

"मग लोकांना हे कोणी सांगितलं का नाही?"

बाहेरून केंद्राची भोंग्याची गाडी चालली होती. रोजचीच घोषणा: ज्यांना वेदना होत आहेत त्यांनी त्वरित केंद्रावर यावे. सिस्टर ती पुरती संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

"गर्दी आटोक्यात राहावी म्हणून केंद्राच्या साहेबांनी असं लिहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "आम्हीच तर सांगतोय, दुखत नाही त्यांनी घरी बसा. बाबाला कशाला नावं ठेवू मी? त्याची रांग आम्हीच लावून दिली." मग उठल्या. "माझी जेवायची सुट्टी आहे. चल. डबा नंतर."

आम्ही पोचलो तेव्हा नवरा पोत्यावर बसला होता. पट्टी सोडलेली. पोटरीवरची जागा मेणासारखी पांढुरकी, चिवट. फुंकणी ओढून झाली होती, घमेल्यातून वाफ निघत होती. बाबाने सुई खुपसली. नवरा हलला नाही. सासूबाईंनी हात जोडले.

"बाबा," सिस्टर म्हणाल्या, "एकदा आणखी टोचू का? सुई मी नवी आणली आहे. जागाही मीच दाखवते."

"माई, इथं श्रद्धेनं यावं लागतं."

"श्रद्धेनंच आले. उपाशी आले."

कोणीतरी हसलं. सिस्टर नवऱ्याजवळ खाली बसल्या. पोटरीच्या मधोमध सुई टेकवली. काही नाही. मग सुई दोन बोटं बाजूला सरकवली, पांढरं संपून लाल सुरू होतं तिथे, आणि नुसतं टोक लावलं. नवरा कोकलत उठला आणि बाबाच्या देखत जे बोलला ते मला इथे लिहिता यायचं नाही.

"आग काठाला उरली की काय?" सिस्टरनी विचारलं.

"शंका आली तुझ्याबरोबर, माई," बाबा म्हणाला. "आग परतली."

"परतली तर मध्ये का नाही आली? मध्ये ती जाणवायला काही जिवंत उरलंच नाही, म्हणून." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "मावशी, नख कापताना दुखतं का हो?"

"नख कशाला दुखेल?"

"का नाही दुखत?"

"मेलेलंच असतं ते." सासूबाई बोलून गेल्या आणि लेकाच्या पोटरीकडे पाहत राहिल्या.

"त्या पाण्याचं काय मग?" मागून एक जण म्हणाला. "वाफ आम्ही डोळ्यांनी बघितली."

फुंकणी पोत्यावर पडली होती, तिच्या टोकाला पांढरी भुकटी लागलेली. मुलीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी ती उचलली. तोंडाला लावली नाही, श्वास ओढला नाही, नुसती घमेल्यावर दोनदा आपटली. आतून पांढरे खडे पडले. चुर्र. वाफ.

"बाई, तुम्ही कोणाची आग ओढली?" त्याच माणसाने विचारलं.

"कळीचा चुना आहे," मी म्हणाले. "भिंती रंगवायला भिजवतात तो. पाण्यात पडला की तापतो. कोणाच्याही हातून पडू दे."

गोदामात कुजबुज झाली. दाराजवळून शेजारच्या रंगाऱ्याची वहिनी म्हणाली, "आमचा दीर रंगारी आहे. भिजवताना असाच आवाज होतो." मग तिचा आवाज खाली गेला. "बाबानं त्याची पट्टी सोडवली होती. काल रात्रीपासून तो तापानं फणफणलाय."

"आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन ये," सिस्टर म्हणाल्या. "आणि ज्यांना ज्यांना ही सुई लागली आहे त्यांनी रक्त तपासायला या. रागावणार नाही कोणी."

सगळे काही तेव्हाच उठले नाहीत. निम्मी रांग तशीच उभी राहिली. एक म्हातारा मला म्हणाला, "पोरी, तुझं खरं असेलही. पण त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

संध्याकाळी भोंग्यावरची घोषणा बदलली. सिस्टरनी साहेबांशी भांडून ती बदलून घेतली: भाजलेली जागा दुखत नसेल, पांढरी किंवा काळी पडली असेल, तर आधी तुम्ही या. यादीतले चौदापैकी नऊ जण आले. गुरुवारी नवऱ्याचं ऑपरेशन झालं. आता पाऊल वाकतं. पूर्वीसारखं नाही, पण क्लच दबेल म्हणतात. रंगाऱ्याचा हात वाचला, पण त्याची बोटं मिटत नाहीत. उरलेले पाच कुठे आहेत ते मला माहीत नाही. बाबाला कोणी मारलं नाही, पकडलंही नाही. पलीकडच्या वस्तीत त्याची रांग लागते असं ऐकते.

म्हणून हे लिहिते आहे. कोणी चमत्कार दाखवला तर ज्याच्यावर तो झाला त्याच्याकडे बघत बसू नका. बाजूच्या दाराने ज्याला परत पाठवलं त्याला गाठा, त्याला काय झालं ते विचारा. बरं झालं असं कोणी सांगितलं तर कशावरून, हे विचारा. मलाही विचारा, डॉक्टरांनाही विचारा. आणि डॉक्टरांना, सिस्टरना, भोंग्यावरचं लिहिणाऱ्या साहेबांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: तुम्ही थकला आहात, हे आम्ही पाहिलं आहे. तरी आमच्या माणसाजवळ दोन मिनिटं बसा आणि काय करताय, कशासाठी करताय, ते त्याला कळेल असं सांगा. तुम्ही बसला नाहीत, तर बसायला दुसरा कोणीतरी तयारच असतो.