दादाच्या चाकामागे

वैष्णवीच्या लेखी सायकल म्हणजे सडक. पांढरकवड्याहून हैदराबादच्या बाजूला निघावं, मान खाली घालावी आणि बारीक टायर डांबरावर सुं सुं वाजू द्यावेत, एवढं मिळालं की तिचा दिवस सार्थकी लागे. जाड टायरच्या सायकली घेऊन दगडधोंड्यांत शिरणाऱ्यांना ती सरळ येडे म्हणायची. त्या येड्यांत तिचा सख्खा मोठा भाऊ संघदीपही होता.

तरी त्या रविवारी ती डोंगराच्या पायथ्याशी उभी होती, तीही कुणाची तरी मागून आणलेली जाड टायरची सायकल घेऊन. कारण एकच. फवारणीच्या हंगामात संघदीप आजारी पडला, बरेच दिवस दवाखान्यात राहून आला, आणि तेव्हापासून तिच्यासोबत सडकेवर यायला काही केल्या तयार होईना. दोघं लहानपणापासून जोडीने सायकल चालवत आलेले. तिला शिकवलीही त्यानेच. तिला आपला दादा परत हवा होता, बाकी काही नको होतं.

"सडकेवर लई ट्रक झाले," एवढंच तो म्हणे. "तुले यायचं असन त डोंगरावर ये."

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारलेलं कीडनाशक औषध उलटून फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडत होतं. गावोगावची माणसं दवाखान्यात गेली, काही परत आलीच नाहीत. संघदीप परत आला, म्हणून त्यांची माय तुळसाबाई बुद्धवंदनेला बसली की जरा जास्तच वेळ हात जोडून राही. फवारणीचं ते काम तिनेच त्याला बघून दिलं होतं. घरात हा विषय कोणी काढत नसे.

"चाक सोडू नको," निघताना संघदीप म्हणाला. हा त्यांचा सडकेवरचा जुना कायदा. पुढच्याने वारा फोडायचा, मागच्याने त्याच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून राहायचं आणि बाकी सगळं त्याच्यावर सोडून द्यायचं. वैष्णवीने इमानदारीने तेच केलं, आणि डोंगराने तिला चांगलाच हिसका दाखवला. दादाच्या चाकापलीकडे काही दिसेना, दगड एकदम पुढ्यात येऊन उभा राही. दोनदा ती सागाच्या पाल्यात आडवी झाली. शिवाय टायरात सडकेच्या सवयीने ठासून हवा भरलेली, त्यामुळे प्रत्येक धक्का थेट मणक्यात. संघदीप मात्र मजेत चालला होता. कुठे वळायचं, कुठे बुड उचलायचं, सारं त्याच्या अंगात मुरलेलं. तिला हेवा वाटला आणि जीव भांड्यातही पडला. दादा ठणठणीत होता.

माथ्यावरून उतार लागला. उघडी वाट, लख्ख ऊन. मध्येच पाणी अडवायला कोणी तरी नवा चर खणला होता आणि काठाला लाल मुरमाचा ढीग घातला होता. संघदीप ब्रेक न मारता सरळ त्यात गेला. चाक न सोडणारी वैष्णवी त्याच्या मागोमाग त्याच्याच अंगावर.

कोपर सोललं, पण तिला आधी राग आला. "आंधळा झाला काय रे दादा? एवढा मोठा चर दिसत नाही तुले?"

टोमण्याला टोमणा मारणारा माणूस तो, पण आज नुसता हातांनी माती चाचपत सायकल शोधू लागला. सायकल त्याच्या समोरच पडली होती. वैष्णवी त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

"दादा, माह्याकडं पाह्य."

"तू कुठं हायेस तेवढं समजते," तो म्हणाला. "तोंड नाही दिसत. दवाखान्यातून आलो तवापासून असंच हाय. डॉक्टर म्हणते, नजर आली त येईन."

"अन् हा डोंगर?"

"पाठ हाय. शाळेत होतो तवापासून येऊन राह्यलो. चर नवा हाय, त्याले मी काय करू?" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "ट्रक कुठून येईन ते कसं पाठ करू, सांग."

वैष्णवी हमसून हमसून रडली. त्याने रडू दिलं. मग म्हणाला, "मायले नको सांगू. घरात आवाजावर भागून जाते माह्यं. ते काम तिनं आणलं होतं. ऐकलं त तिचा जीव जाईन."

"नाही सांगत," ती म्हणाली.

तिने टायरातली हवा थोडी सोडली आणि पहिल्यांदाच त्याच्या पुढे झाली. "डावीकडं दगड! आता मूळ हाय, उठ! ब्रेक सोड आता, सोड!" ती ओरडत होती आणि तो तिच्या आवाजामागे येत होता. वाट सांगायची म्हणून तिला लांबवर बघावं लागलं, आणि लांबवर बघितल्यावर सायकल आपोआप सरळ चालली. मागून संघदीपने आरोळी ठोकली. तेवढ्या उतारापुरता तिला तिचा दादा मिळाला होता, आणि ती खरंच सुखावली.

पायथ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया झाडाखाली जेवायला बसल्या होत्या. त्यातली एक उठून वाटेवर आली. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, लुगड्यावर जुना मर्दानी शर्ट, हातात पाण्याची बाटली. दोन्ही लेकरं सोबत उतरताना बघून तिचं तोंड हसूने फुललं होतं. ती तुळसाबाई होती. सकाळी केळापूरकडे वेचणीला म्हणून निघालेली, मजुरांना मालकाने इकडच्या वावरात आणलं होतं.

वैष्णवीने करकचून ब्रेक दाबले. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत संघदीप धापा टाकत त्या बाईकडे वळला.

"ओ मावशी, जरासं पाणी भेटन काय?"

तुळसाबाई आधी ओठांतल्या ओठांत हसली, तिला थट्टा वाटली. मग तिने लेकाच्या डोळ्यांत नीट पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. वैष्णवीने मान खाली घातली.

संघदीपचं नाव तुळसाबाईच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. बाटलीचं झाकण काढलं आणि त्याचा हात धरून बाटली त्यात दिली. तो घटाघटा प्यायला.

"लई उपकार झाले मावशी," म्हणत त्याने बाटली पुढे केली, पण जिथे कोणी उभंच नव्हतं तिकडे. तुळसाबाई सरकून तिथे गेली आणि तिने ती घेतली. दुसऱ्या हाताने तिने फडक्याचं टोक तोंडात कोंबलं होतं, आणि ती दोघं लांब जाईपर्यंत ते तसंच धरून ती उभी राहिली.