रिकामा रविवार

ऑफिसात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण मालक तिचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान होते आणि तेच तिला तशी हाक मारत. तीन महिने खपून तिनं दवाखान्यासाठी नर्सेसच्या पाळ्यांचा तक्ता छापणारा प्रोग्राम लिहिला, आणि सोमवारी पाहते तर पहिल्या पानावर 'रचना आणि लेखन' यापुढे भावजींचं नाव! भावजींनी कधीकाळी सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्या अर्ध्या हळकुंडानं ते अजून पिवळे होते. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं ताईला फोन लावला.

"अगं, घरातच आहे ना सगळं?" ताई म्हणाली. "त्यांचं काय नि तुझं काय."

"घरातच आहे, तर मग माझं घाला की नाव."

ताईनं कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी काही धाकटीला ऐकू आली नव्हती.

रागारागात तिनं प्रोग्राम उघडला. काम तसं सरळ होतं. आत पाळ्यांचं कोष्टक, एका नर्सची एक ओळ, एका वाराचा एक रकाना. प्रोग्राम एकेक ओळ घ्यायचा, प्रत्येक खान्यातला शब्द उचलायचा, रकान्यातल्या सर्वांत लांब शब्दाएवढी जागा होईल इतके स्पेस त्यामागे जोडायचा, आणि ओळ संपली की खालच्या ओळीवर जायचा. सुट्टीचा खाना कोष्टकात रिकामा असे, तिथं तो एक आडवी रेघ मारायचा. हे तिचं खास कलम होतं.

ते कलम गायब होतं. रेघा डोळ्यांत खुपतात म्हणून भावजींनी ते उडवलं होतं आणि रिकामा खाना सरळ वगळायला सांगितलं होतं. तपासायला त्यांनी जो नमुना घेतला, त्यात सगळ्या नर्सेस सातही दिवस कामावर होत्या. त्यामुळे तक्ता कसा आखीवरेखीव आला होता. पण खऱ्या तक्त्यात? बाकावरचा एक उठला की बाकीचे सरकून बसतात, तशा सुट्टीनंतरच्या सगळ्या पाळ्या एकेक घर डावीकडे सरकणार होत्या.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. धाकटी मूग गिळून बसली. मंगळवारी भावजींनी विचारलं, "सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "तुमचाच प्रोग्राम आहे, ठीकच असणार." त्यांना टोमणाही कळला नाही. तीन दिवस तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. गुरुवारी दवाखान्यात सगळ्यांसमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता; तिथं चारचौघांत त्यांचं नाक कापलं जाताना तिला पाहायचं होतं, अगदी पहिल्या रांगेत बसून.

गुरुवारी दवाखान्याच्या सभागृहात नर्सेसच्या प्रमुख मेट्रनबाईंनी पुढच्या आठवड्याचा खरा तक्ता प्रोग्राममध्ये भरला. भावजींनी ऐटीत बटण दाबलं. कागद बाहेर आला. बाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"रविवारी पेशंटनाही सुट्टी दिलीय का?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक नर्सला आठवड्याची एक सुट्टी असते. म्हणून प्रत्येक ओळ एका घरानं तोकडी पडली होती आणि शेवटचा, रविवारचा अख्खा रकाना कोरा होता. मागच्या खुर्च्यांवरून हसू फुटलं. भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. धाकटीला इतकं बरं वाटलं, की तिला ते लपवावं लागलं.

"हे... हे हिनं लिहिलंय," भावजी तिच्याकडे बोट दाखवत म्हणाले. "सगळं हिनंच. मी नुसतं नाव दिलं."

सोमवारपासून जे ऐकायला कान आसुसले होते, ते असं ऐकायला मिळालं! पण ती तयारीत होती. ताडकन उठून तिनं लॅपटॉपवर आपला जुना प्रोग्राम काढला, तोच आठवडा त्यातून छापला. रेघा जागच्या जागी, रविवारी नऊ नर्सेस हजर.

"लिहिलं मीच," ती म्हणाली. "मोडलं यांनी. हे कलम यांनी काढलंय."

मेट्रनबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. भावजींकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि त्या एका नजरेत त्यांचं काम तमाम झालं. मग त्या धाकटीकडे वळल्या.

"हुशार आहात. हे काढलेलं तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी," धाकटी म्हणाली. अजून ती विजयाच्या भरातच होती.

"आज गुरुवार," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "मी हा कागद वाचलाच नसता, तसाच वॉर्डात लावला असता, तर?"

पेशंटचा विचार तीन दिवसांत धाकटीच्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

"यांना कळत नव्हतं म्हणून यांनी चूक केली," बाई शांतपणे म्हणाल्या आणि दोन्ही कागद तिच्या हातात परत दिले. "तुम्हाला कळत होतं."