फेब्रुवारीत भरलेली काडतुसं

पहिला बार नीट गेला, पण रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, वर उचलली जाईना. तळहाताने दोन फटके मारले तेव्हा कुठे उघडला आणि रिकामं काडतूस बाहेर पडलं. मी ते डोळ्याजवळ धरून त्याचं बूड पाहिलं. मधली बार पेटवणारी टोपी, जिच्या कडा गोल असायला हव्यात, ती इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली होती. शेजारी पितळेवर एक चकचकीत डाग. आतला दाब फार वाढला की पितळेवर अशाच खुणा उमटतात.

ही काडतुसं मीच घरी भरली होती, फेब्रुवारीत. तेव्हा आमच्या हालिंगडालच्या दरीत उणे अठरा अंश होतं, आणि काडतुसातली दारू थोडी थोडी वाढवत मी मर्यादेच्या पार वरच्या टोकाला नेली होती. त्या थंडीत एकही वाईट खूण दिसली नाही. आज जुलै. नेमबाजीची परीक्षा, ती पास झाल्याशिवाय शरदात मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीला जाता येत नाही. सत्तावीस अंश ऊन, आणि काडतुसांचा डबा सकाळपासून गाडीच्या काचेखाली तापत पडलेला. गरम दारू जास्त जोर करते हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवते. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

त्याच डब्यातली दहा मी धाकट्या भावाला, टोरमोडला दिली होती. तो नेमबाजांच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला पालथा पडून नेम धरत होता.

कुणीही "बार बंद!" म्हणून ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं, असा इथला नियम. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मागे पाळीची वाट पाहणारा आमच्या गावचा हाल्वार म्हणाला, "काय गं बोर्गहिल्ड, तुझ्या जेवणाला चव नाही, पण काडतुसं मात्र झकास भरतेस हं!" दोघंतिघं हसले. आणि मी गप्प बसले. माझ्याच रायफलमध्ये काही अडकलं असेल, असं मनाला समजावलं.

टोरमोडचा बार झाला.

"बार बंद!" मी किंचाळले आणि धावत सुटले.

तो उठून बसला होता, बोल्टवर बुटाची टाच हाणत होता. बोल्ट उघडला. टोपीला सुईएवढं भोक पडलेलं. त्यातून मागे आलेल्या धुराने त्याचा गाल चष्म्याच्या कडेपर्यंत काळा झाला होता.

"लागलं का रे?"

"नाही गं ताई, चष्मा होता म्हणून वाचलो. माझी रायफलच बिघडली बघ. आधीचे दोन बारही असेच अडकले."

"मग थांबला का नाहीस, गाढवा?"

"तुझ्या हातची काडतुसं आहेत. त्यांच्यावर कशाला संशय घेऊ?"

मला रडूच आलं. "टोरमोड, मला कळलं होतं रे. माझ्या पहिल्या बारालाच. हाल्वारसमोर लाज वाटली, म्हणून तुझा हा बार मी होऊ दिला."

त्याचा गाल पुसायला मी रुमाल काढून हात पुढे केला. त्याने रुमाल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच पुसला.