गेंड्या आणि सोंड्या

"बाई, या दोन भुंग्यांत जास्त नालायक कोण?"

नारळाच्या किडींचा धडा चालू होता. हे बाईंना विचारून दाखवायची मागच्या बाकावर पैज लागली होती, आणि तोफ ताडकन उठून विचारून मोकळी झाली. एके काळी हजेरी देतानाही पुटपुटणारी ही मुलगी वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून कुणाच्या बापाला भीत नव्हती. 'तोफ' हे नाव मैत्रिणींनी तेव्हाच पाडलं.

वर्ग फिदीफिदी हसला. आता जीवशास्त्राच्या बाई हिला सोलून काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनी नुसता खडू खाली ठेवला.

"गेंड्या निदान दिसतो. नारळाचा शेंडा पोखरतो, पानं कात्रीनं कापल्यासारखी करतो, वर शिंग मिरवतो. सोंड्याची मादी त्यानं केलेल्या आयत्या जखमेत अंडी घालते. अळ्या आतून खोड खातात. झाड वरून हिरवंगार, आणि एक दिवस शेंडाच कोसळतो. नालायक कोण, ते झाडाला विचार."

तोफेनं पैज जिंकली खरी, पण घरी जाताना तिच्या डोक्यात ते वरून हिरवंगार झाडच घोळत होतं.

आई-बाबांनी एकमेकांशी बोलणं टाकून दोन वर्षं झाली होती. बाबा बाहेरच्या खोलीत, आई आत शिलाई मशिनवर, आणि ही मध्ये उंबरठ्यावर. बाबा गरजले, की ही आत जाऊन सांगायची, बाबा नुसतं विचारतायत. आईनं साखरेत घोळून डंख मारला, की बाहेर येऊन सांगायची, करते म्हणाली. निरोपातले काटे ती असे वाटेतच काढून घ्यायची. रोज जेवताना तिच्या पोटात कळ यायची, त्याचा मात्र दोघांनाही पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा कडाडले, "तुझ्या आईला सांग, शर्टाला बटण लावायचा मुहूर्त कधीचा आहे?"

मशिन न थांबवता आई गोड आवाजात म्हणाली, "त्यांना सांग, गिऱ्हाइकांचं आधी. ती निदान तोंडाकडे बघून बोलतात."

ही जागची हलली नाही.

"ऐकू आलं ना? जा," बाबा म्हणाले.

"जा गं बाई," आतून आई म्हणाली. "नाहीतर म्हणतील, पोरगीही आईच्याच वळणावर गेली."

तिनं खांद्यावरचं दप्तर काढलं आणि उंबरठ्यावरच बसली, चौकटीला पाठ टेकून. मशिन थांबलं.

"दोघांनाही ऐकू गेलंय," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "आजपासून मी निरोप पोचवणार नाही. काय ते तुमचं तुम्ही बोला. दार उघडंच आहे."