वेस्टगेटला जागा

मॅनिफोल्ड इंजिनाला लावून झाला आणि माझा मुलगा सिद्धांत तसाच वाकून उभा राहिला.

"अप्पा, स्टिअरिंगचा दांडा आडवा येतोय."

मी जाऊन बघितलं. मॅनिफोल्डमध्ये इंजिनाच्या चार नळ्यांतला धूर जिथं एक होतो, तिथंच वेस्टगेट बसवायचं तोंड होतं, आणि ते थेट दांड्यावर टेकलं होतं. हा मॅनिफोल्ड डावीकडं स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाडीचा. मागवताना फोटोत स्टिअरिंग कुठं दिसतं?

धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा फार झाली तर इंजिनच फुटेल, म्हणून तेव्हा वेस्टगेट उघडतं आणि जादा धूर टर्बोच्या आधीच बाहेर सोडतं. म्हणून ते चारही नळ्या मिळतात तिथंच, धुराच्या वाटेला धरून बसवावं लागतं. तोंड खाली वळवलं तर गतिरोधकाला घासणार. पुढं रेडिएटरचा पंखा, वर बॉनेट.

"बॉनेटला भोक पाडू या," मी म्हणालो.

"मुकुलअण्णांनी पत्र्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. गाडी त्यांची."

मुकुलचं गॅरेज देशपांडे नगरात. रविवारच्या शर्यतीत गाडी पळाली तर सिद्धांतला तिथं कायमचं काम मिळणार होतं. नाहीतर बेलूरच्या कारखान्यातलं तेच प्रेस मशीन आणि तोच रोजचा डबा. दुसरा मॅनिफोल्ड मागवायला वेळ नव्हता.

शेवटी त्यानं खडूनं पहिल्या नळीवर गोल काढला. "इथं लावा."

"एकाच नळीवर? तेही काटकोनात? बाकी तिघींचा धूर या दाराकडं बघणारसुद्धा नाही."

"ठाऊक आहे. गाडी मीच चालवणार ना? दाबाचा काटा चढला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढीन."

"शर्यतीत पाय काढणार? मग बैलगाडीच ने की."

सून गौतमी चहा घेऊन आली होती. "तुम्ही नाही म्हणालात तर हे दुसरीकडून लावून आणतील," ती म्हणाली. "तिथला जोड तरी टिकेल का, अप्पा?"

मी काच डोळ्यांवर ओढली. इतकं सरळ वेल्डिंग बऱ्याच वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं.

शनिवारी उणकलच्या नव्या लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली. मुकुल आला. "सरक, आधी मी बघतो."

"अण्णा, मीच चालवतो. गेटची जागा बरोबर नाही."

"गेट उघडतंय ना?"

"उघडतंय. पण उघडूनही दाब..."

"उघडतंय तर झालं. आयतु, बिडो," झालं, सोड म्हणून त्यानं कानडीत विषय संपवला.

सिद्धांत दुसऱ्या दाराशी पोचायच्या आत गाडी निघाली.

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे. गेट उघडल्याचा फाटका आवाज आला. तेवढ्यावर इंजिनाचा सूर थांबायला हवा होता. तो चढतच राहिला. शेजारी सिद्धांतचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. तसाच अधांतरी राहिला. मग दूर लोखंड फुटल्यासारखं काही वाजलं आणि सगळं गप्प झालं.

आम्ही चालत पोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं. इंजिनाखालून तेल वाहत होतं. मुकुल आत वाकून बघत होता.

"परसूअप्पा, तुमचा जोड मात्र केसभर हलला नाही बघा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सिद्धांतनं बॉनेट हळूच खाली घेतलं आणि गौतमीला फोन लावला.

"सोमवारी डबा लागेल," तो म्हणाला.